गोळीच्या आधी वही: डिमेन्शियातली चिडचिड, संशय आणि भटकणं घरी कसं सांभाळायचं

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही की नर्स नाही. आईला अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, झाला, ती सात वर्षं माझ्याकडे होती, आणि त्या सात वर्षांत ज्या चुका केल्या त्यातून जे हाताला लागलं ते नुकतेच यात पडलेल्या लोकांसाठी लिहितेय. डिमेन्शिया म्हटलं की सगळ्यांना वाटतं विसरणं. विसरणं परवडलं हो. माणूस मेटाकुटीला येतो तो बाकीच्याने, रात्री दोनला कडी काढून निघणं, अंघोळीला नेलं की ओरबाडणं, आणि "तूच घेतलेस माझे पैसे" हे स्वतःच्या आईच्या तोंडून ऐकणं. आणि हे फक्त आपल्याच घरी घडतंय असं अजिबात नाही. आलॉईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०१ मध्ये फ्रँकफर्टला ज्या ५१ वर्षांच्या बाईला तपासलं, जिच्या केसमुळे या आजाराला नाव मिळालं, त्या ऑगस्टे डेटरचं पहिलं ठळक लक्षण विसरणं नव्हतंच, नवऱ्यावरचा संशय होता. वस्तू इकडच्या तिकडे न्यायची आणि लपवायची. वाचलं तेव्हा मला एकदम बरं वाटलं, सव्वाशे वर्षांपूर्वी पण हेच!

गोळीची घाई का नको

आपण थकतो आणि डॉक्टरला म्हणतो, काहीतरी द्या, शांत राहील असं. मी पण म्हटलं होतं. गोळीने आई शांत झाली म्हणजे काय तर दिवसभर मान टाकून बसायला लागली आणि दोनदा पडता पडता वाचली. ज्या गोळ्या यासाठी दिल्या जातात त्यातल्या बऱ्याच अँटिसायकोटिक, म्हणजे मुळात गंभीर मानसिक आजारांसाठीच्या, असतात, आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००५ मध्ये त्यांच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण १७ चाचण्यांचा आढावा घेतल्यावर दिसलं की डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका साधारण १.६ ते १.७ पट होतो. तो इशारा तेव्हा नवीन पिढीतल्या औषधांना होता, २००८ मध्ये जुन्यांनाही लावला. लुई बॉडी नावाचा जो डिमेन्शियाचा प्रकार आहे त्यात तर ही औषधं फारच उलटू शकतात. म्हणून आधी बाकी सगळं करून बघायचं. पण हे वाचून चालू असलेली गोळी उद्यापासून स्वतःच्या मनाने बंद करू नका प्लीज, कमी करायची असेल तरी डॉक्टरला विचारूनच.

पायरी पहिली: हे अचानक झालंय का?

काल बरा असलेला माणूस आज एकदम बरळतोय, ओरडतोय, किंवा उलट एकदम सुस्त पडलाय, असं तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत झालं असेल तर तो सहसा डिमेन्शिया वाढलेला नसतो. डिमेन्शिया असा रातोरात सहसा वाढत नाही. याला डिलिरियम म्हणतात आणि त्याच्यामागे शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं, लघवीचं इन्फेक्शन, छातीत कफ, पाणी कमी पडणं, पोट साफ न होणं, लघवी तुंबणं, नवीन सुरू केलेलं एखादं औषध. सर्दीच्या आणि झोपेच्या साध्या वाटणाऱ्या काही गोळ्यांनी सुद्धा डोकं आणखी गोंधळतं. इथे हे लेख वाचत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पायरी दुसरी: वही

हळूहळू वाढलेल्या वागण्यासाठी मात्र एक साधी वही आणा. मोबाईलमध्ये नको, कारण ती सगळ्यांना लिहिता आली पाहिजे, रात्रीच्या सिस्टरला, भावाला, जो कोणी असेल त्याला. प्रत्येक प्रसंगाला तीनच गोष्टी लिहायच्या, आधी काय चाललं होतं, नेमकं काय झालं, आणि नंतर आपण काय केलं. वेळ टाकायची. "आई चिडली" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. "सकाळी साडेनऊ, बाथरूमच्या दारात चौकट धरली, मला नको म्हणाली, हात ओढला तर चावली" असं लिहा.

आमची गोष्ट सांगते म्हणजे वहीचं महत्त्व कळेल. आई बाथरूमच्या दारात यायची आणि दोन्ही हातांनी चौकट पकडायची. बोटं पांढरी पडेपर्यंत. आम्ही समजूत घालायचो, मग आवाज चढायचा, मग दोघी मिळून ओढायचो आणि ती "मारतायत, मारतायत" म्हणून किंचाळायची. रोज. आम्हाला वाटायचं तिला अंघोळच नको आहे, पाण्याची भीती बसली आहे. तीन आठवडे वही लिहिल्यावर भावाच्या लक्षात आलं की मधले दोन दिवस कोरे आहेत, त्या दिवशी काहीच झालं नाही, शांतपणे आत गेली. मी आठवायला लागले काय वेगळं होतं, पाणी तेच, वेळ तीच, माणूस मीच. मग आठवलं, त्या दोन दिवशी बाथरूममधलं मॅट धुवायला टाकलं होतं. काळं मॅट होतं. पांढऱ्या फरशीवर काळा चौकोन, तिला तो खड्डा दिसत होता! आपण एका म्हाताऱ्या बाईला रोज सकाळी खड्ड्यात ढकलत होतो आणि वर म्हणत होतो की ती हट्टी झालीये. फरशीच्याच रंगाचं, न घसरणारं मॅट आणलं आणि चौकट धरणं संपलं. अंघोळीची बाकी कटकट राहिली, ती पुढे सांगते.

यात शिकायचं एवढंच की वागणं हे त्यांचं बोलणं असतं, शब्द गेलेत म्हणून हातापायाने बोलतात. आपलं काम भाषांतराचं.

पायरी तिसरी: दुखतंय का ते शोधा

हे सगळ्यात जास्त राहून जातं. माणूस "दुखतंय" असं सांगू शकत नाही, तो मारतो, ओरडतो, कपडे बदलू देत नाही. नॉर्वेत १८ नर्सिंग होममधल्या ३५२ लोकांवर एक अभ्यास झाला होता, २०११ मध्ये छापून आला, त्यात आठ आठवडे दुखण्यावर पद्धतशीर उपचार केले, बऱ्याच जणांना तर साधी पॅरासिटामॉल, आणि चिडचिड सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे "औषधाशिवाय" म्हणताना मी डोकं गुंगवणाऱ्या औषधांबद्दल बोलतेय, दुखण्याची गोळी त्यात धरू नका, ती डॉक्टरला विचारून जरूर द्या.

ओळखायचं कसं? हलवताना, उठवताना, कपडे घालताना चेहरा बघा. कपाळाला आठ्या, कण्हणं, श्वास जोरात, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि जवळ घेऊन थोपटलं तरी शांत न होणं. नर्स लोक याच पाच गोष्टींना शून्य ते दोन मार्क देतात, श्वास, आवाज, चेहरा, अंग आणि शांत होतो की नाही, एकूण दहापैकी. आई उजवी बाही घालताना मारायची, डावी घालताना कधीच नाही. खांदा आखडलेला होता. मग आम्ही दुखरा हात आधी बाहीत घालायला लागलो, काढताना तो शेवटी, आणि पुढून बटणं असलेले सैल कपडे घेतले. मारणं जवळजवळ गेलं. दात, कानातला मळ, पायाची वाढलेली नखं, घट्ट इलॅस्टिक, ओला डायपर, पोट चार दिवस साफ नसणं, हे सगळं एकेक करून तपासा. चष्मा पुसलेला आहे का, कानाच्या मशीनचा सेल संपलाय का, हे पण.

पायरी चौथी: घर बघा, त्यांच्या डोळ्यांनी

काळ्या मॅटचं झालंच. चकचकीत फरशी ओली वाटते, रात्री काचेच्या खिडकीत आपलंच प्रतिबिंब दिसतं आणि "तो माणूस परत आला" सुरू होतं, तेव्हा पडदा ओढा, आरसा झाका. टीव्हीवरच्या मारामाऱ्या घरातच चालल्यात असं वाटू शकतं, बातम्यांचा आरडाओरडा तर आपल्यालाच सहन होत नाही. टीव्ही, मिक्सर, फोन आणि तीन माणसांचं बोलणं एकाच वेळी असेल तर चिडणार नाही तर काय. संडासचं दार उघडं ठेवा म्हणजे कमोड दिसेल, तिथपर्यंत रात्री मंद लाईट. बाकी घराचं फार काही बदलू नका, ओळखीच्या वस्तू आहेत तिथेच राहू द्या.

पायरी पाचवी: बोलायचं कसं

पाठीमागून येऊन हात लावायचा नाही. समोरून यायचं, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं, नाव घ्यायचं, मग बोलायचं. एका वेळी एकच गोष्ट, "ऊठ, चप्पल घाल, बाहेर जाऊ" हे तीन हुकूम झाले. "ऊठ" म्हणा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा, कारण डोक्यात शब्द पोचायला वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगतो, म्हणजे त्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू. प्रश्न विचारायचाच तर दोन पर्यायांचा, हा शर्ट की तो. आणि ते "मला ओळखलंस का, सांग मी कोण" हे बंद करा, पाहुण्यांनाही बंद करायला सांगा, ही काय परीक्षा आहे का.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाद घालायचा नाही. मी सहा महिने घातला, पुराव्यांसकट घातला. एकदाही जिंकले नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या लोकांनी अल्झायमरच्या पेशंटना आधी दुःखी आणि नंतर आनंदी फिल्मचे तुकडे दाखवले, थोड्या वेळाने काय पाहिलं ते त्यांना जवळपास आठवेना, पण उदासी किंवा आनंद मात्र मनात तसाच टिकून होता. म्हणजे आपण का ओरडलो हे आई पाच मिनिटांत विसरणार, पण कोणीतरी आपल्याला दुखावलंय हे घेऊन ती पुढचा वेळ बसणार आणि त्याचा राग अंघोळीच्या वेळी निघणार. चांगल्याचंही तसंच असतं बरं का, त्यामुळे "त्यांना कुठे आठवणार आहे" म्हणून फिरायला नेणं सोडू नका.

मग त्या चुकीचं बोलतायत तेव्हा काय म्हणायचं? भावना धरायची, माहिती सोडायची. "आई कुठे आहे माझी?" असं ८० वर्षांच्या बाईने विचारलं तर "ती वारली ना तीस वर्षांपूर्वी" म्हणणं म्हणजे तिला रोज नव्याने ती बातमी देणं. "आईची आठवण येतेय का? कशी होती ती, सांग ना" म्हटलं की ती बोलते. काही लोकांना हे खोटं बोलणं वाटतं. मला नाही वाटत, कारण मी "येईल संध्याकाळी" असं म्हणत नाही, मी फक्त दुरुस्त करत नाही.

नेहमीचे प्रसंग

चोरीचा आळ. आईची पर्स रोज हरवायची आणि चोर रोज मी किंवा कामाला येणारी मुलगी. यामागचं गणित सरळ आहे, ठेवल्याचं आठवत नाही, वस्तू जागेवर नाही, म्हणजे कोणीतरी नेली. सफाई देत बसू नका. "अरे बापरे, पर्स नाही? चल आपण शोधू" म्हणायचं आणि खरंच शोधायचं, आणि सापडल्यावर "बघ, तूच ठेवली होतीस" हे वाक्य गिळायचं. आमच्याकडे लपवायच्या जागा तीनच होत्या, उशीचा अभ्रा, गादीखाली, आणि चपलांच्या कपाटात मागे. वहीत लिहून ठेवल्या. मी अगदी तशीच दुसरी पर्स पण आणून ठेवली, थोडी चिल्लर टाकून. खरे दागिने, कागदपत्रं आधीच हलवा. आणि कामाच्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की आळ येणार आहे, मनावर घेऊ नकोस. पण एखादवेळी आळ खरा पण असू शकतो, तेही डोक्यात असू द्या.

तोच प्रश्न चाळीस वेळा. उत्तरापेक्षा धीर हवा असतो. हात हातात घ्या, शांतपणे तेवढंच छोटं उत्तर द्या, पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा, "मुलगा सात वाजता येणार". डॉक्टरकडे जायचं असेल तर तासभर आधीच सांगा, दोन दिवस आधी सांगितलंत तर दोन दिवस तुमचे.

संध्याकाळी "मला घरी जायचंय". दुपार कलली की बऱ्याच जणांची घालमेल वाढते, मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडतं, थकवा असतो, सावल्या लांब होतात. आई साडेपाचला कपड्यांचं गाठोडं बांधून दारात बसायची. "हेच तुझं घर आहे" हे वाक्य तिने कधीच मानलं नाही. चार वाजताच सगळे लाईट लावायला लागलो, सकाळी उन्हात बसवायला लागलो, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, आणि साडेपाचच्या आधी काहीतरी खायला. तरी निघालीच तर "चल, मी सोडते" म्हणून गाठोडं मी घ्यायचे, एक मोठा फेरा मारायचो, गप्पा मारत, आणि आमच्याच दारात आलो की कितीतरी वेळा ती म्हणायची, "आलं बाई घर."

भटकणं. आधी विचार करा की कशासाठी, संडास शोधतायत का, भूक आहे का, की पूर्वी या वेळी कामावर जायचे. चालू द्या, चालणं चांगलंच, फक्त जागा सुरक्षित हवी. दाराला वाजणारी घंटी किंवा सेन्सर, कडी नेहमीच्या नजरेच्या वर किंवा खाली, खिशात किंवा मनगटावर फोन नंबर, जीपीएस घड्याळ, शेजाऱ्यांना कल्पना आणि मोबाईलमध्ये आजचा फोटो कपड्यांसकट. घरात एकट्याला कोंडून बाहेर जायचं नाही, आग लागली तर काय करतील.

अंघोळ, जी राहिली होती. रोज हवीच असं काही नाही. बाथरूम आधी गरम करून ठेवा, शॉवर डोक्यावर सोडू नका, त्याऐवजी बसवून पायापासून मगाने सुरू करा, अंगावर मोठा टॉवेल राहू द्या आणि त्याच्या आतून धुवा, उघडं पडण्याची लाज शेवटपर्यंत असते. हातात एक छोटा रुमाल धरायला द्या, हात गुंतलेला असला की मारत नाही. फारच नको म्हणत असतील तर पलंगावरच कोमट ओल्या टॉवेलने पुसून घ्या.

भास. आधी चष्मा, उजेड, सावली तपासा. "कोणी नाहीये तिथे" म्हणू नका आणि "हो हो, मला पण दिसतोय" असंही नाही. "मला दिसत नाहीये, पण तुला भीती वाटतेय ना, मी आहे इथे" म्हणा आणि खोली बदला. भास त्रास देत नसेल, नुसतीच लहान मुलं खेळताना दिसत असतील, तर राहू द्या. लुई बॉडीमध्ये असे भास बरेचदा होतात, डॉक्टरला सांगा मात्र.

चारचौघांत कपडे काढणं, नको तिथे हात लावणं. यावर घरात कोणी बोलतच नाही. मेंदूचा पुढचा भाग बिघडला की लगाम सुटतो, फ्रंटोटेम्पोरल नावाच्या डिमेन्शियाच्या प्रकारात तर लवकरच. कधी कारण साधंच निघतं, उकडतंय, लघवीला जायचंय. ओरडू नका, हसू नका, पांघरूण घाला, हात बाजूला करा, आणि हाताला दुसरं काम द्या.

मारायला उठले तर दोन पावलं मागे व्हा, दाराकडची बाजू तुमच्याकडे ठेवा, हात धरू नका, आवाज खाली आणा आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत या. जे करायचं होतं ते त्या क्षणी इतकं गरजेचं क्वचितच असतं.

दिवस भरायचा कसा

रिकामा वेळ हे अर्ध्या भांडणांचं मूळ. पण लहान मुलांची खेळणी नका देऊ, अपमान वाटतो. त्या माणसाने आयुष्यभर जे केलं त्याचा तुकडा द्या. हिशेब लिहिणाऱ्याला जुनी खातेवही, शिवणकाम करणारीला बटणांचा डबा. आई टॉवेलच्या घड्या करायची, बारा टॉवेल, झाले की मी आत नेऊन विस्कटायचे आणि परत आणायचे. तरुणपणीची गाणी लावा, साधारण दहा ते तीस वयात ऐकलेली, ती सगळ्यात शेवटी पुसली जातात. अंघोळीआधी दोन गाणी ही आमची ठरलेली युक्ती.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आठवडाभर बघा, वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि आज चाललेली युक्ती दोन महिन्यांनी बंद पडते, आजार पुढे सरकतो, तेव्हा परत वही. एवढं करूनही स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं चालू राहिलं, खाणंपिणं बंद झालं, किंवा मरायचंय असं बोलायला लागले तर डॉक्टरकडे जा, तेव्हा गोळी लागली तर लागली, त्यात तुमची हार नाही. जाताना वही न्या, दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरला तीच सगळ्यात उपयोगी पडते.

तुमच्यासाठी सुट्टी

"वेळ मिळाला तर" असं म्हणू नका, मिळत नाही. आठवड्यातून एक ठरलेली दुपार दुसऱ्या कोणाच्या तरी हवाली करा. मी दीड वर्ष केलं नाही कारण "माझ्याशिवाय तिला कोणाला जमणार", आणि शेवटी एकदा मी तिच्यावर हात उगारला, मारला नाही पण उगारला, त्या दिवशी भावाला फोन केला. तो म्हणाला येतो, पण मला काहीच माहीत नाही ताई, काय करू. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्यासाठी लिहिलं, ते पान पुढे सगळ्यांनाच उपयोगी पडलं:

समोरून ये, पाठीमागून हाक मारू नकोस. उजवा हात आधी बाहीत. पर्स उशीच्या अभ्र्यात असेल, नाहीतर चपलांच्या कपाटात. चार वाजता लाईट. टॉवेल आतल्या खोलीत आहेत, घड्या झाल्या की तिच्यासमोर विस्कटू नकोस. गाठोडं बांधलं तर तू उचल आणि फेरा मार. तुला बाबा म्हणेल, म्हणू दे.